जास्तीचं पाणी आणि बाळाचा पहिला तास

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'लायकर वाढलेला', म्हणजे गर्भजल जास्त, असा शेरा आला की त्याचं करायचं काय, यावर बाळंतपण करणारे डॉक्टर आणि जन्मलेलं बाळ सांभाळणारे डॉक्टर यांचं सहसा एकमत होत नाही. वाद आकड्याचा वाटतो, पण तो आकड्यापाशी थांबत नाही. दोन्ही बाजू मला महत्त्वाच्या वाटतात, म्हणून त्या समोरासमोर ठेवल्या आहेत. साशंक बाई प्रसूतितज्ज्ञ आहेत. आग्रही गृहस्थ नवजात बाळांचे डॉक्टर. मुंबईतली कांदिवली दोघांच्याही पायाखालची.

साशंक : सर, आकड्यापासूनच सुरुवात करू. नाभीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करायचे. प्रत्येक भागात बाळाचे हातपाय आणि नाळ टाळून पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा शोधायचा, त्याची उभी खोली मोजायची आणि चारींची बेरीज करायची. हा एएफआय. १९८७ पासून ही पद्धत रूढ आहे. बेरीज चोवीस-पंचवीस सेंटिमीटरच्या वर गेली की पाणी जास्त. दुसऱ्या पद्धतीत एकच सर्वांत खोल कप्पा मोजतात, तिथे मर्यादा आठ सेंटिमीटरची. आता हे हाताने करून पाहणाऱ्याला ठाऊक असतं की प्रोब जरा दाबला तर कप्पा उथळ दिसतो आणि बाळाने कूस बदलली तर कप्पाच सरकतो. एकीला एका सेंटरवर तेवीस आणि दुसऱ्यावर सव्वीस आले तर मला मुळीच नवल वाटत नाही. या आकड्यावर आपण तिला 'हाय रिस्क' ठरवतो. शंभर गर्भवतींत एक-दोघींना हा शेरा मिळतो. त्यातल्या बहुतेकींचं पाणी सौम्यच वाढलेलं असतं, तिशीच्या आत. निम्म्याअधिक जणींत कारण सापडत नाही आणि बऱ्याच जणींचं पाणी पुढच्या तपासणीपर्यंत आपसूक उतरतं. तोवर घरात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. नारळपाणी बंद होतं, साधं पाणी मोजून मिळतं. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, आठवा महिना लागलेली बाई तहानेने कासावीस होते, कारण कुणीतरी सांगितलं की प्यायलेलं पाणीच पोटात साठतंय. त्या बाईचं जे नुकसान होतं ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

आग्रही : पाणी तोडण्याचा तो सल्ला चुकीचाच, त्यावर वाद नको. पण तो खोडायचा तर पाणी येतं कुठून हे सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की माझी बाजू आपोआप पुढे येते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाची लघवी असते. थोडं फुप्फुसांतून येतं. आणि बाळच ते गिळून कमी करतं. दिवस भरत आल्यावर बाळ रोज अर्ध्या लिटरहून अधिक पाणी बाहेर टाकतं आणि जवळपास तेवढंच गिळतं. उरलंसुरलं वारेच्या आणि आवरणांच्या वाटेने शोषलं जातं. म्हणजे पाणी वाढलं तर दोनच गोष्टी शक्य आहेत. बाळ जास्त लघवी करतंय, नाहीतर त्याला गिळता येत नाहीये. आईची साखर वाढलेली असेल, किंवा बाळ ॲनिमिक असेल आणि त्याचं हृदय जोरात काम करत असेल, किंवा एकाच वारेवरच्या जुळ्यांपैकी एकाकडे दुसऱ्याचं रक्त वळत असेल, तर लघवी वाढते. अन्ननलिका मध्येच बंद असेल, जठरापुढचं आतडं बंद असेल, मेंदू-मज्जातंतूंचा दोष असेल, तर गिळणं अडतं. बाळ बोलत नाही, रडणंही त्याला अजून जमत नाही. आतून बाहेर येणारी जी थोडी माहिती आहे, त्यात हे पाणी आहे. तुम्ही म्हणता आकडा डळमळीत आहे. मान्य. पण त्याच्यामागची गोष्ट डळमळीत नाही.

साशंक : तुम्ही कारणांची यादी वाचता तेव्हा ऐकणारीला वाटतं की यातलं एक आपल्या बाळाला आहेच. प्रत्यक्षात सोनोग्राफी नीट झाली, जठराचा बुडबुडा जागेवर दिसला, बाळ हलताना दिसलं, साखर ठीक निघाली, आरएच निगेटिव्हचा प्रश्न नाही, तर किती शिल्लक राहतं? अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांचा २००२ चा अभ्यास आहे, तुम्हालाही माहीत आहे. सविस्तर सोनोग्राफीत काही सापडलं नाही अशा बायकांमध्ये, पाणी सौम्य वाढलेलं असेल तर बाळात मोठा दोष निघण्याची शक्यता शंभरात एक, मध्यम असेल तर दोन. एका बाळासाठी आपण नव्याण्णव आयांना आठ आठवडे झोपू देत नाही.

आग्रही : आणि पाणी खूप वाढलेलं असेल तर? त्याच अभ्यासातला तिसरा आकडा तुम्ही सोडलात. शंभरात अकरा. सोनोग्राफी स्वच्छ असतानाही अकरा.

साशंक : तो मी सोडला कारण त्यावर आपला वाद नाही. एएफआय पस्तीसच्या वर गेलेली बाई दम लागून धड झोपू शकत नाही. तिचं पोट ताणून चकाकतं, बाळ हाताला लागत नाही, टिचकी मारली तर पलीकडच्या तळव्याला लाट जाणवते. तिला बघायला आकडा लागत नाही, माझी टेपसुद्धा लागत नाही. तिला मी मोठ्या रुग्णालयातच पाठवेन. आपला वाद सव्वीसवालीचा आहे.

आग्रही : ठीक, सव्वीसवालीचंच बोलू. अन्ननलिका बंद असलेलं बाळ तीन-चार हजार जन्मांत एखादं असतं. जन्माआधीच्या सोनोग्राफीत अशी निम्मी बाळंही ओळखू येत नाहीत, कारण बहुतेकांत खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो, त्यातून थोडं पाणी जठरात पोचतं आणि बुडबुडा दिसतो. म्हणजे तुमची 'स्वच्छ' सोनोग्राफी त्याला पास करून टाकते. मग ते जन्मतं, छान रडतं, वजन बरं असतं. तोंडाला फेस येतो, नर्स पुसते, पुन्हा येतो. कुणीतरी म्हणतं, गर्भातलं पाणी गिळलंय. तासाभरात त्याला छातीशी लावतात किंवा वाटी-चमच्याने दूध देतात. ते खोकतं, निळं पडतं आणि दूध फुप्फुसात उतरतं. हे टाळायला काय लागतं? आठ किंवा दहा नंबरची एक नळी. ती तोंडातून हळूच सरकवायची. अन्ननलिका मोकळी असेल तर ती थेट जठरात जाते. बंद असेल तर साधारण दहा सेंटिमीटरवर अडते, जरा रेटली तर घशात वेटोळं करून परत येते. नळी अडली की दूध नाही, डोकं वर, वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढून घ्यायची आणि बाळ ऊबेत ठेवून सर्जनकडे. १९४१ पूर्वी ही बाळं जवळजवळ सगळी जात. आज बाळाचं वजन दीड किलोच्या वर असेल आणि हृदयाचा मोठा दोष नसेल तर चांगल्या केंद्रात शंभरातली नव्वदहून अधिक वाचतात. पण ती फुप्फुसं कोरडी ठेवून आली तर. नळी घालायची आठवण कशाने होणार? फाईलवर लिहिलेल्या त्या पाण्याने.

साशंक : तुमच्या नळीवर मला दोन हरकती आहेत. एक, नळी घशात जाताना बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, घाईत नाजूक जागी इजा होऊ शकते. म्हणून तर प्रत्येक बाळाला नळी घालायची आणि पोट धुवायची जुनी सवय आपण सोडायला लागलो. दोन, पहिल्या तासात आईचं दूध. ते बसवायला या शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनीच किती वर्षं घालवली! शीवच्या रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभी राहिली, आशियातली पहिली. त्या परंपरेतले तुम्ही आणि आता तुम्हीच म्हणता, दूध थांबवा?

आग्रही : प्रत्येक बाळाला नळी घाला असं मी म्हणतच नाही. तसं केलं तर तुमची हरकत शंभर टक्के खरी. मी म्हणतो ज्याच्या आईचं पाणी जास्त होतं त्यालाच, नाळ कापून, बाळ कोरडं करून, ते स्थिरावल्यावर, सवय असलेल्या हाताने. एक-दोन मिनिटांचं काम. मग बाळ लगेच छातीशी. पहिल्या तासातली अठ्ठावन्न मिनिटं तुमचीच.

साशंक : अठ्ठावन्न मिळाली तर मी भांडणार नाही. पण फाईलवर शेरा असला की नळीवर थांबतंय कोण? मला भीती आहे ती त्या शेऱ्याच्या मागून येणाऱ्या साखळीची. पाणी जास्त, म्हणून दर आठवड्याला सोनोग्राफी. बाळ मोठं दिसतंय, म्हणून छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात कळांची औषधं. कळा नीट येत नाहीत, म्हणून सीझर. मग पुरते दिवस न भरलेल्या बाळाला धाप लागते आणि ते तुमच्याकडे काचेत येतं. अमेरिकेतल्या माता-गर्भ तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्वच्छ लिहिलंय : पाणी सौम्य वाढलेलं आणि कारण सापडत नाही, एवढ्यावरून गर्भाची वेगळी देखरेख लावू नका, कळा आपसूक येऊ द्या, आणायच्याच असतील तर एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी नको. पाणी कमी करायला इंडोमेथासिन नको. सुईने पाणी काढायचं तर फक्त आईला दम लागत असेल, असह्य होत असेल तेव्हा, आणि तेही पुन्हा भरतं. एवढं स्पष्ट असताना आपल्याकडे 'पाणी जास्त' हे सीझरचं कारण म्हणून सर्रास सांगितलं जातं. नातेवाइकांना ते लगेच पटतं. मला हेच जड जातं.

आग्रही : ती साखळी खरी आहे आणि माझ्याकडच्या काचेच्या पेट्या तिने भरतात हेही खरं. तरी एक बाजू राहते. कारण न सापडलेल्या वाढीव पाण्याचे अलीकडे जे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत बाळ काचेत ठेवावं लागण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसतं. बाळ जड असणं, आडवं किंवा पायाळू असणं, जन्मतः अपगार गुण कमी असणं, हे सगळं वाढतं. पोटात बाळ जाण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसतं. हे सगळं औषधं देऊन कळा आणल्यामुळे झालं असं नाही म्हणता येणार.

साशंक : काही अंशी म्हणता येईल. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. ज्या बाईला शेरा मिळाला तिच्याकडे जास्त बघितलं गेलं, तिचं बाळ खबरदारी म्हणून काचेत गेलं, आणि मग आपण मोजलं की काचेत जास्त गेली. पोटात जाणाऱ्या बाळांचं मात्र तसं नाही, ते मानते. पण तिथे मूळ प्रमाणच फार कमी आहे, ते कितीपट वाढलं एवढंच सांगितलं तर ऐकणारी हादरते. हजारात किती, ते सांगा.

(माझं मत मध्येच नोंदवतो. दोघांतला फरक मला हुशारीचा किंवा सावधपणाचा वाटत नाही. बाईंना ज्यांचं सगळं ठीक झालं अशा शेकडो बायका भेटतात. डॉक्टरांकडे फक्त बिघडलेलं येतं. दोघंही आपल्यासमोर आलेल्यांची बाजू घेतात, आणि न आलेल्यांचा हिशेब कुणाकडेच नाही.)

आग्रही : साखरेबद्दल तरी तुम्ही माझ्या बाजूला याल.

साशंक : साखरेच्या बाबतीत मी तुमच्या पुढे आहे. आपल्याकडची चाचणी सोपी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, उपाशी असो वा नसो, दोन तासांनी रक्त घ्यायचं, १४० किंवा वर आली तर गर्भारपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, मग चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. पण दुसरी वेळ खूप जणी चुकवतात. कुणाला दोन तास बसून राहायला वेळ नसतो, कुणाला ते गोड पाणी उलटतं, कुणी म्हणतं पहिली ठीक आली होती ना. बत्तिसाव्या आठवड्यात पाणी वाढलेलं दिसलं आणि दुसरी चाचणी झालेली नसेल, तर त्याच दिवशी ती व्हायला हवी. इथे पाण्याच्या आकड्याने खरोखर काम केलं असं मी म्हणेन. कारण साखर आटोक्यात आणता येते. जेवणाची वेळ, भाताचं प्रमाण, चालणं, लागलं तर इन्सुलिन. या एका कारणावर आई स्वतः काहीतरी करू शकते.

आग्रही : आणि ते तिने केलं तर माझं काम अर्धं होतं. साखर वाढलेल्या आईचं बाळ पावणेचार-चार किलोचं, गुबगुबीत. सगळे खूश. पण आत त्याचं इन्सुलिन चढलेलं असतं. नाळ कापली, आईकडून येणारी साखर थांबली, इन्सुलिन मात्र चालूच. पहिल्या काही तासांत त्याची साखर उतरते. हातपाय थरथरतात, किंवा ते नुसतंच सुस्त पडून राहतं आणि शांत बाळ म्हणून त्याचं कौतुक होतं. टाचेला टोचून एक थेंब रक्त घेतलं की कळतं. लवकर पाजलं की बहुतेकांचं भागतं. तुमचा पहिला तास आणि माझा पहिला तास इथे एकच आहे.

साशंक : मग उरलं काय? उरली ती जागा. बाळंतपण कुठे करायचं. चारकोपच्या, ठाकूर व्हिलेजच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नाव घातलेली बाई. दामूनगरच्या चढावरून उतरून शताब्दीत येणारी बाई. पाटीवर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय असलं तरी लोक अजून शताब्दीच म्हणतात. आणि लहान बाळांच्या शस्त्रक्रियेची नावाजलेली जागा म्हणजे परळचं वाडिया, पंचवीसेक किलोमीटरवर. पाणी थोडं जास्त आहे म्हणून प्रत्येकीला परळला पाठवणार का? तिची दोन मुलं घरी कोण बघणार? नवऱ्याचा रोज बुडणार, सासू लोकलने डबा घेऊन जाणार. आणि ज्या मोठ्या रुग्णालयात खरी गंभीर बाई येणार, तिथे खाटा सव्वीसवाल्यांनी भरणार.

आग्रही : प्रत्येकीला नाही. पस्तीसच्या वरची, जठर न दिसणारी, जुळ्यांची, बाळ ॲनिमिक असल्याची शंका असलेली, यांना आधीच पाठवायचं. बाळ पोटात असताना नेणं हे जन्मल्यावर नेण्यापेक्षा कधीही बरं. जन्मल्यावर बाळ एकीकडे आणि टाके घातलेली आई एकीकडे अशी ताटातूट होते, आणि द्रुतगती मार्गावरच्या गर्दीत नळी लावलेलं बाळ सांभाळणं सोपं नाही. उरलेल्यांनी कांदिवलीतच बाळंत व्हावं, मला चालेल. पण तिथे रक्ताची सोय हवी, कारण ताणलेली पिशवी बाळंतपणानंतर नीट आकसत नाही आणि रक्तस्राव होतो. आणि बाळाला बघणारा माणूस जन्माच्या वेळी खोलीत हवा, फोन केल्यावर येणारा नको. अजून एक. पाणमोट अचानक फुटली आणि बाळाचं डोकं वर असलं तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली सरकू शकते. हे घरातल्यांना आधी माहीत हवं. धो धो पाणी गेलं तर रिक्षा शोधत उभं राहायचं नाही. आडवं व्हायचं, कंबर उशीने उचलून धरायची, १०८ लावायचा.

साशंक : आणि माहेर? त्याचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे अजून मोडलेलं नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली की कांदिवलीची मुलगी चिपळूणला नाहीतर कणकवलीला जाते. पाणी इथे मोजलेलं, बाळ तिथे जन्मणार. फाईल बॅगेत, साड्यांच्या खाली. तिथला डॉक्टर नवी सोनोग्राफी सांगतो, त्यात आकडा तेवीस येतो, आणि तुमचा शेरा तिथेच संपतो.

आग्रही : म्हणूनच मला ती एक ओळ हवी आहे. फाईलच्या पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत. रिपोर्टच्या गठ्ठ्यात इंग्रजीत नको. 'गर्भजल जास्त होते. अन्ननलिकेचा दोष नाही याची पहिले दूध देण्याआधी नळी घालून खात्री करावी. बाळाची साखर तपासावी.'

साशंक : 'दोष' हा शब्द काढा. बत्तिसाव्या आठवड्यात दोष हा शब्द वाचला की काय होतं ते मी बघितलंय. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. मेंदूच तयार झाला नसेल अशा बाळासाठी ती वाट असायलाच हवी. पण ज्याचं ऑपरेशन होऊन ते शाळेत जाऊ शकतं, आणि ज्याला अजून काही झालंय हेही ठरलेलं नाही, त्याच्यासाठीही लोक तीच वाट विचारायला येतात. सर्जनशी त्यांची भेट झालेली नसते, एखाद्या शब्दाशी झालेली असते.

आग्रही : शब्द काढतो. 'पहिले दूध देण्याआधी नळी जठरात जाते का पाहावे.' चालेल?

साशंक : पुढे लिहा, 'गेली की लगेच आईजवळ द्यावे.' आणि 'पाणी पिणे कमी करू नये.'

आग्रही : लिहिलं. आता सव्वीसवालीच्या फाईलवर हे लिहायचं की नाही?

साशंक : लिहीन. नर्ससाठी लिहीन. आईला मात्र कारण तिने विचारलं तर सांगेन. स्वतःहून बसवून अन्ननलिकेची गोष्ट सांगणार नाही. शंभरातल्या नव्याण्णवींना ती गोष्ट कधीच लागणार नाही, आणि एकदा ऐकली की ती परत घेता येत नाही. खबरदारी घ्यायची ती आपण, घाबरायचं तिने, ही वाटणी मला मान्य नाही.

आग्रही : मला दुसरी वाटणी मान्य नाही. नर्सची ड्यूटी बदलते, डॉक्टर बदलतो, गाव बदलतं. मोजणीच्या वेळीही तिथे होती आणि जन्माच्या वेळीही आहे, अशी एकच व्यक्ती. तिलाच कारण माहीत नसेल, तर बाळाच्या तोंडाला दुसऱ्यांदा फेस आल्यावर कुणी म्हणालं, काही नाही, पाणी गिळलंय, तर ती गप्प बसेल. आणि जी विचारत नाही तिचंच बाळ अशा वेळी जास्त एकटं असतं.

साशंक : विचारत नाही ती घाबरलेली असते म्हणून विचारत नाही, हे धरून चालता तुम्ही. काही जणी नको म्हणून विचारत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

आग्रही : आईचा हक्क, हो. पण नळी बाळाला घालायची आहे.